झूलाघरात स्वतःच्याच मुलाला मदतीला ठेवताना

पाळणाघर म्हटलं की इंदुरात पटकन कुणाला कळत नाही, इथे सगळे झूलाघरच म्हणतात. मी सुदामानगरात घरच्या घरी ते चालवते. दीड ते पाच वर्षांची सात-आठ मुलं असतात. मदतीला एक मावशी येतात आणि गेल्या वर्षापासून माझा मुलगाही. तो सोळाचा आहे, अकरावीत. ‘घरचाच तर आहे, त्याचं काय ठरवायचं?’ असंच मलाही वाटलं होतं. पण घरचा आहे म्हणूनच ठरवावं लागतं. बाहेरची मुलगी ठेवली असती तर तिला रात्री नऊला ‘जरा ती खेळणी धुऊन टाक गं’ म्हणायची माझी टाप होती का?

आधी वय बघा. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत हातभार लावता येतो, तोही काम धोक्याचं नसेल तरच. १४ ते १८ या वयाला कायदा किशोर म्हणतो. या मुलांना काम देता येतं, पण धोक्याचं नाही. त्याच कायद्यात किशोरांच्या वेळेचं माप दिलंय: सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही, मग निदान १ तास विश्रांती, ती धरून दिवसाचे ६ तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम बंद आणि आठवड्याला एक पूर्ण सुटी. घरातही हेच माप लावा. शाळेच्या दिवसांत तर याच्या निम्मंही जास्तच होतं. आमच्याकडे चार ते सहा एवढंच, परीक्षा जवळ आली की तेही नाही. रंगपंचमीला तो गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर पळणार हे मी धरूनच चालते.

वेळ वहीत लिहा, पैसे खात्यात टाका. साधी शंभर पानी वही पुरते: तारीख, आला किती वाजता, गेला किती वाजता. मी तासाला ६० रुपये देते. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं चालवायचं बचत खातं बँका आपापल्या नियमांनुसार उघडून देतात, ते उघडा. आयकरासाठी अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण त्यानं अंगमेहनतीनं किंवा स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं त्यात धरत नाहीत. हा पगार तुम्ही धंद्याचा खर्च म्हणून दाखवणार असाल, तर चार लोक त्या कामाला देतात तेवढाच द्या. पोटचा म्हणून दुप्पट दाखवलात तर वरची रक्कम नाकारली जाऊ शकते. वही तिथेही कामी येते.

कामं वाटताना हात आखडता घ्या. गोष्ट वाचणं, चित्रं काढून घेणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, चटया घालणं, खेळणी पुसणं ही त्याची कामं. अंघोळ, शी-शू, डायपर आणि औषध मी किंवा मावशी बघतो. मुलगी असती तरी मी हेच केलं असतं. बंद दाराआड कोणत्याही मुलाबरोबर तो एकटा नसतो. यात लहानग्यांचं रक्षण आहे आणि त्याचंही, हे त्याला आडवळणानं नाही, समोर बसवून सांगितलं. कान लाल झाले त्याचे, पण कळलं. डायपर तो बदलत नाही, पण सकाळी कचऱ्याची गाडी आली की सॅनिटरी कचऱ्याचा डबा वेगळा नेऊन देणं त्याच्याकडे आहे. ते झूलाघरात नाही, घरकामात धरायचं, असं आमचं भांडून ठरलंय.

आणि मोठ्या माणसांच्या मोजणीत त्याला धरू नका. मावशी आल्या नाहीत तर मी मुलं कमी घेते, ‘आज हा आहे ना’ असं म्हणत नाही. पाच मिनिटांसाठी कोपऱ्यावर दूध आणायलाही मी त्याच्या भरवशावर बाहेर पडत नाही.

खाण्याचं आधी शिकवा. हे मी नंतर शिकवलं. एका शनिवारी तो स्वतःचे पोहे खात बसला होता, वर शेव, जिरावण सगळं. दोन वर्षांची एक चिमुरडी ‘भिया, मेरेको’ करत आली. यानं प्रेमानं चमचाभर भरवले, त्यात दोन शेंगदाणे. ती खोकायला लागली, डोळे पाण्यानं भरले, हा चमचा तसाच धरून उभा. जोरात खोकत होती म्हणून मी तिला खोकू दिलं. दाणा बाहेर पडला. संध्याकाळी तिच्या आईला मी स्वतः सांगितलं.

आता फ्रिजवर यादी आहे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहानांना नाहीत, वर्षाखालच्या बाळाला मध नाही. मुलाचा आवाजच फुटत नसेल, श्वास अडकला असेल, तर आधी मोठ्यानं मला हाक मारायची. मग पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे पाच थापट्या आणि तरी निघालं नाही तर पोटावर पाच दाब. वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर कधीच दाबायचं नाही, छातीवर दाबायचं. एकानं हे करायचं, दुसऱ्यानं १०८ लावायचा. नुसतं वाचून हात बसत नाही, प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर करून घ्या.

पालकांना आधी सांगा. मुलगा मदत करतो, किती वाजता, कोणती कामं, कोणती नाही, हे प्रवेशाच्या कागदावरच लिहून टाका. एका आईनं नको म्हटलं. मी वाद घातला नाही, तिच्या मुलीची वेळ चारच्या आतली ठेवली. त्याचा मोबाइल कामाच्या वेळात कपाटावर असतो. लोकांच्या मुलांचे फोटो, रील काही नाही, कितीही गोड दिसोत.

महिनाअखेरीला हिशेबाला बसा, जेवणाच्या टेबलावर नाही, वही घेऊन. मागच्या महिन्यात मी बेरीज करून पैसे टाकले आणि वही मिटली, तर त्यानं ती परत उघडली.

“आई, मंगळवारची चाळीस मिनिटं राहिली. मी फिजिक्स करत होतो, तू ‘जरा ये रे’ म्हणालीस.”

मला आठवेना. मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बोलवलं होतं तुम्ही.” चाळीस रुपये दिले.