ठसठशीत अक्षरातली बारीक रेघ जपा

लग्नपत्रिका, षष्ठ्यब्दीची निमंत्रणं, दुकानांच्या पाट्या. अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीच्या टेबलाशी माझा दिवस यातच जातो. “जुन्या वळणाचं, ठसठशीत अक्षर द्या,” असं कुणी म्हटलं की मी बहुधा रोझा वन उघडते. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फाँट फुकट मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्हींत. जाड रेघ भरगच्च, बारीक रेघ केसासारखी. ती केसासारखी रेघ छपाईत टिकवणं, हेच खरं काम.

म्हणून आधी आकार बघा. २४ पॉइंटांखाली मी हा फाँट वापरत नाही. एकदा मरून रंगावर १४ पॉइंटांत अक्षरं पांढरी सोडली होती. मरून चार शाईंतून आलेला, छापताना रजिस्टर, म्हणजे चारही शाईंचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, जरासं हललं आणि ‘षष्ठ्यब्दी’तल्या ष च्या पोटातली तिरकी रेघ बुजली. पत्रिकेवर ‘पष्ठ्यब्दी’! साठीच्या सोहळ्याची पत्रिका ती. सगळ्या पुन्हा छापून दिल्या. आता गडद रंगावर पांढरं अक्षर असेल तर त्याला पाव पॉइंटाची पांढरी आउटलाइन देते, आणि शक्य तिथे मरून ही एकच तयार शाई घ्यायला सांगते.

बोल्डचं बटण दाबू नका. त्याने बारीक रेघही फुगते आणि अक्षराचं वळण मरतं. अक्षर आडवं ताणूही नका, काना खांबासारखा दिसतो. दोन अक्षरांतलं अंतर वाढवलंत तर शिरोरेषा तुटते. ओळींमध्ये मात्र सढळ जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या रफारावर बसतो.

मराठीशेजारी इंग्रजी नाव असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोमन कलमात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते. देवनागरी बोरूची कापणी उलटी, त्यामुळे उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड. दोन्हींचा कल जुळवत बसू नका, काळेपणा जुळवा. डोळे किलकिले करून पाहा, दोन्ही ओळी सारख्याच गडद वाटल्या पाहिजेत.

मजकुरातला एखादाच इंग्रजी शब्द ठळक करायचा असेल तर क्लॅरेंडनच्या घराण्यातला टाइप घ्या. १८४५ साली लंडनच्या रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीतून, म्हणजे छपाईचे टाइप ओतणाऱ्या कारखान्यातून, तो आला. त्याची बारीक रेघ चांगली दणकट असते, लहान आकारातही टिकते.

सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडा. फाँटात सोय असेल तर ‘ल’ आपला पाकळीचा येतो.

पाटी करायची असेल तर नाव खऱ्या मापात छापून घ्या, ए-फोरचे कागद चिकटवून चालतील. ते दुकानावर लावा आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहा. सगळ्यात बारीक रेघ तिथून दिसली, तरच फाइल पाठवा.