दार किती उघडं ठेवायचं: लघुपटात प्रतीक उभं करण्याची पद्धत

नवख्या लघुपटांत प्रतीकं भरपूर असतात. पिंजऱ्यातला पक्षी, तडकलेला आरसा, बंद पडलेलं घड्याळ. प्रेक्षक ती पाहताक्षणी ओळखतो, आणि अडचण तिथेच सुरू होते, कारण ओळखल्यावर त्याला पुढे करण्यासारखं काही उरत नाही. पडद्यावरच्या वस्तूला अर्थ येतो तो सवय लावून ती मोडल्यामुळे. आधी एक नियम नकळत रुजवायचा, मग नेमक्या जागी बदलायचा. कॅमेऱ्याची उंची, प्रकाश, कट, आवाज, सगळ्यांना हेच लागू आहे.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. दहा मिनिटांचा लघुपट, एक घर, दोन माणसं. आई वारल्यानंतर वडील आणि मोठी मुलगी एकत्र राहतात, पण कामापुरतंच बोलतात.

आधी वाक्य, मग वस्तू

'एकटेपणा दाखवायचा आहे' एवढ्यावर शॉट डिव्हिजन (प्रसंगाची शॉट्समध्ये विभागणी) करता येत नाही. क्रियापद असलेलं वाक्य लिहा: 'मुलगी वडिलांना टाळते, शेवटी ती आपणहून त्यांच्याजवळ जाऊन बसते.' आता दोघांतलं अंतर मोजता येतं, म्हणजेच चित्रितही करता येतं.

वस्तू निवडताना तीन गोष्टी तपासा. तिला त्या घरात रोजचं काम हवं. तिच्या निदान तीन अवस्था कॅमेऱ्यात स्पष्ट वेगळ्या दिसायला हव्यात. आणि ती अवस्था पात्राच्या हातानं बदलायला हवी. वडिलांच्या खोलीचं दार या तिन्हींत बसतं: बंद, किलकिलं, सताड उघडं. कुंडीतलं सुकणारं रोप तिसऱ्या अटीत अडकतं. ते आपोआप सुकतं, त्यामुळे ते पात्राबद्दल काही सांगत नाही, फक्त वातावरण करतं.

दार तीनदा येऊ द्या. पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत, एखाद्या कामाच्या आडून: मुलगी धुतलेले कपडे घेऊन येते, दार बंद दिसतं, कपडे बाहेरच्या स्टुलावर ठेवून जाते. मिडशॉट (साधारण कमरेपासून वरचा शॉट) पुरे. इथे दाराचा क्लोजअप घेतला की प्रेक्षकाला सूचना मिळते आणि तो गोष्ट सोडून कोडं सोडवू लागतो. दुसऱ्यांदा चार-पाच मिनिटांच्या आसपास, तीच हालचाल, तोच कॅमेरा, पण दार किलकिलं. तिसऱ्यांदा आठव्या-नवव्या मिनिटाला ती ते स्वतः ढकलते. मधला टप्पा गाळला तर शेवटचा निव्वळ योगायोग वाटतो. नेमकी हीच चूक सर्वाधिक होते, कारण एडिटिंगला वेळ कमी पडला की मधलीच आवृत्ती आधी कापली जाते.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) दुर्गावर माळ चोरल्याचा आळ येतो, ती नाकारते, गोष्ट पुढे जाते. तिच्या मृत्यूनंतर घर सोडण्याच्या वेळी अपूला ती माळ सापडते आणि तो ती तळ्यात फेकून देतो. माळ पहिल्यांदा भांडणाचं कारण म्हणून आलेली असते, म्हणून नंतर तिच्याबद्दल कुणाला बोलावं लागत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा

'लो अँगल म्हणजे सत्ता, टॉप अँगल म्हणजे असहायता' हा पाठ केलेला नियम विसरा. अँगलचा अर्थ तुमच्या फिल्ममधल्या बाकीच्या शॉट्सवरून ठरतो. सगळी फिल्म बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंमीवरून घेतली असेल, तर एकदाच उभ्या माणसाच्या उंचीवर गेलेला कॅमेराही मोठा बदल वाटतो. म्हणून प्रत्येक सेटअपची, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रत्येक मांडणीची, उंची आणि लेन्स वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड अंदाजानं लावला की ती शिस्त मोडते.

लेन्सबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: लांब (जास्त मिमीची) लेन्स जागा 'दाबते' आणि वाइड (कमी मिमीची) लेन्स 'ताणते'. खरं काम कॅमेऱ्याच्या अंतराचं असतं. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या फोटोएवढ्या) सेन्सरवर २८ मिमी लेन्सनं एक मीटरवरून घेतलेला चेहरा ८५ मिमीनं तेवढाच मोठा हवा असेल तर मागे सरकून सुमारे तीन मीटर अंतरावर जावं लागतं. त्या मागे जाण्यानं मागचं दार चेहऱ्याच्या तुलनेत मोठं होतं आणि खांद्याला टेकल्यासारखं दिसतं. वाइडवर तेच दार लहान होऊन दूर जातं. आपल्या उदाहरणात पहिल्या दोन वेळा २८ मिमी, तिसऱ्या वेळी ८५ मिमी. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर साधारण १८ आणि ५६ मिमी. खोली लहान पडत असेल तर कॅमेरा पॅसेजमध्ये किंवा खिडकीबाहेर ठेवा. तेही जमत नसेल तर मधली ५० मिमी घेऊन अंतर थोडं कमी-जास्त करा. जागेवरच उभं राहून झूम केल्यानं फक्त फ्रेम लहान होते, दार आणि चेहरा यांचं नातं बदलत नाही.

ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) एका लग्नाची वर्षं नाश्त्याच्या टेबलावरच्या छोट्या प्रसंगांतून सांगितली आहेत. टेबल तेच काम करतं, बदलतं ते नवराबायकोमधलं अंतर. अशा प्रसंगाचा कागदावर आराखडा काढून पाहा, फ्रेम समजायला दुसरा इतका चांगला सराव नाही.

दाराखालची फट

प्रकाशात सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी साधन म्हणजे दाराखालून येणारी पट्टी. दारामागे जमिनीवर छोटा एलईडी पॅनल आडवा ठेवा, ३२०० केल्विनवर (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर). पॅसेजमध्ये थर्मोकोलवर बाउन्स केलेला ५६०० केल्विनचा मंद प्रकाश. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता प्रकाश पांढरा धरायचा ते ठरवणारी सेटिंग) मधोमध, ४३०० च्या आसपास, हातानं लॉक करा. मग खोली उबदार आणि पॅसेज निळसर दिसतो, ग्रेडिंगमध्ये (नंतरच्या रंगकामात) ओढाताण न करता. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर दार उघडताना शॉटमध्येच रंग सरकतो आणि तो टेक वाचवणं जवळपास अशक्य होतं. एक्स्पोजरही लॉक करा, नाहीतर प्रकाश बाहेर आल्याचा परिणाम कॅमेरा स्वतःच पुसून टाकतो.

चेहऱ्यावर की (मुख्य प्रकाश) आणि फिल (सावली भरून काढणारा प्रकाश) यांचं प्रमाण ठरवून ठेवा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. फिल कीपेक्षा तीन स्टॉप खाली असेल तर प्रमाण ८:१, अर्धा चेहरा अंधारात. एक स्टॉप खाली असेल तर २:१, मोकळा चेहरा. मुलीचा चेहरा ८:१ वरून हळूहळू २:१ वर आणा, पण कारण पडद्यावर दिसू द्या: दार उघडलं म्हणून उजेड आला. कारणाशिवाय उजळलेला चेहरा नाटकी वाटतो. सेकंदाला २४ फ्रेम्स असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा. विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असलेल्या ठिकाणी ट्यूबलाइटचं फ्लिकर (लुकलुकणं) त्यानं बहुधा टळतं. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०.

रंगाबद्दल थोडक्यात: लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे पावित्र्य असा कोश वापरू नका. एखादा रंग एकाच माणसासाठी राखून ठेवा आणि बाकीच्या सेटमधून काढून टाका.

कट आणि आवाज

सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव्हच्या प्रयोगात एकाच निर्विकार चेहऱ्याला सुपाचा वाडगा, शवपेटी अशी वेगवेगळी चित्रं जोडली, आणि भाव जोडणीतून आला असं मांडलं गेलं. यातून घ्यायची कामाची गोष्ट अशी की नटीला दाराकडे बघताना 'दुःख दाखव' सांगू नका. तिला फक्त बघू द्या. मग चेहरा, दार, पुन्हा चेहरा असा क्रम लावा आणि दुसऱ्या चेहऱ्याला पहिल्यापेक्षा अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम्स जास्त द्या. नजरेची दिशा मात्र जुळली पाहिजे. ती लेन्सच्या डावीकडे बघत असेल आणि दार तिच्या उजवीकडून घेतलेलं असेल, तर प्रेक्षकाला ती भलतीकडेच बघतेय असं वाटतं आणि सगळा खटाटोप वाया जातो.

१८० अंशांची रेषा (दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात) दोन वेळा पाळा आणि तिसऱ्या वेळी, ती आत गेल्यावर, ओलांडा. आता आपण वडिलांच्या बाजूनं बघतो. ही ओलांडणी आधीच कुठे चुकून झाली असेल तर इथे तिला किंमत राहणार नाही.

कडीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, माइक वीस-तीस सेंमीवर, पाच-सहा वेगवेगळ्या जोरानं. त्याच खोलीचा निदान एक मिनिट रूम टोन (कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज) घ्या. शांतता दाखवायची म्हणून ट्रॅक पूर्ण बंद केला तर प्रेक्षकाला साउंड गेला असं वाटतं. पहिल्या दोन वेळा आतून वडिलांच्या रेडिओची कुजबुज ऐकू येऊ द्या. तिसऱ्या वेळी ती कुजबुज मुलगी हात पुढे करण्याआधीच थांबवा. त्यांना तिची चाहूल लागली आहे हे एवढ्यात कळतं. इथे पार्श्वसंगीत घातलं की ही सूक्ष्म गोष्ट बुडते, म्हणून माझं मत ठाम आहे: या शॉटखाली सूर नको.

तपासणी

रफ कट (एडिटिंगचा पहिला कच्चा जोड) तयार झाला की पटकथा न वाचलेल्या तीन-चार जणांना तो आवाज बंद करून दाखवा. 'दाराचा अर्थ काय?' असं विचारू नका, ते विद्वत्तेनं उत्तर देतील. 'या दोघांत काय झालं?' असं विचारा. उत्तर तुमच्या पहिल्या वाक्याच्या जवळ आलं आणि दाराचा उल्लेखही झाला नाही, तर दार नीट बसलं आहे. सगळे दाराबद्दलच बोलू लागले तर पहिल्या शॉटमधून ते थोडं फ्रेमबाहेर सरकवा, किंवा तो शॉट एखाद्या सेकंदानं कमी करा. कुणालाच काही कळलं नाही तर क्लोजअप वाढवू नका. दुसरी आवृत्ती पहिल्यासारखी पुरेशी दिसते का ते आधी बघा, आणि गरज पडली तर तेवढाच सेटअप वहीतल्या मापांवरून पुन्हा चित्रित करा.