मीटरचे फूट-इंच करताना या चुका टाळा

भारतात मेट्रिक वजनमापांचा कायदा 1956 साली झाला, तरी सुताराचा हिशोब आजही फूट, इंच आणि सुतातच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चालतो. नकाशा मात्र मिलिमीटरमध्ये येतो. या दोहोंच्या मध्ये उभे राहून मापे बदलून देणारी मंडळी त्याच त्या चुका करतात, आणि त्यांतली सर्वांत महाग चूक दशांशचिन्हाची आहे.

ती माझ्याही हातून झाली आहे. कपाटासाठी सोडलेली जागा नकाशात 2360 मिलिमीटर होती. मी घाईत 2.36 ला 3.28 ने गुणले, 7.74 हे उत्तर पाहिले आणि सुताराला फोनवर ‘सात फूट सात इंच’ असे सांगून मोकळा झालो. वास्तविक .74 म्हणजे सात इंच नव्हेत, तर फुटाचा जवळजवळ पाऊण भाग, म्हणजे सुमारे नऊ इंच. कपाट तयार होऊन आले तेव्हा भिंतीशी जवळपास दोन इंचांची फट राहिली. ती पट्टी मारून बुजवावी लागली, आणि पट्टीच्या सनमायकाचा रंग कपाटाशी आजतागायत जुळलेला नाही. गंमत अशी की ‘साडेसात फूट’ म्हटल्यावर कोणीही सात फूट पाच इंच कापत नाही, तेच 7.5 असे लिहिले की भलेभले फसतात.

म्हणून मी फुटांत थेट जातच नाही. मिलिमीटरला 25.4 ने भागून आधी केवळ इंच काढतो. 2360 चे 92.91 इंच होतात. त्यांतून 84 इंचांचे सात फूट वेगळे केले की 8 इंच उरतात, आणि.91 ला आठाने गुणले की सात सूत मिळतात. कागदावर ‘फूट’, ‘इंच’ हे शब्द पूर्ण लिहितो, कारण मध्ये टिंब दिलेले 7.8 कोण कसे वाचील याचा भरवसा नसतो.

‘इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर’ हा सोपा हिशोब शिकाऊ मुलांना फार आवडतो. हातभर फळीला तो खपून जातो, परंतु तीन मीटरच्या भिंतीवर 118 ऐवजी 120 इंच येतात आणि ओट्याचा दगड आत बसत नाही. 1959 च्या करारानुसार इंच नेमका 25.4 मिलिमीटरचा ठरला आहे. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना ते.4 वाचवून कोणता वेळ वाचतो, हे मला समजलेले नाही.

आकडे पायरीपायरीला पूर्णांकात आणू नयेत. सूत एकदाच, शेवटी ठरवावे.

चौरस मीटरला 3.28 ने गुणू नये. तेथे 10.764 लागतात, अन्यथा 60 चौरस मीटरचा फ्लॅट 646 ऐवजी 197 चौरस फुटांचा होऊन बसतो.