स्वस्तातलं सोनं घेण्याआधी: नमुना, पाणी आणि वजन

“खोदकामात हंडा लागला, आत सोन्याची माळ आहे, बाजारभावाच्या निम्म्याने देतो. फक्त कुणाला बोलू नका.” महाराष्ट्रात हा प्रस्ताव वर्षानुवर्षं फिरतो आहे. सोबत एक मणी फुकट मिळतो, खात्री करून घ्यायला. सोनार तो कसोटीवर घासतो, 22 कॅरेट म्हणतो, आणि ते खरंच असतं. टोळीने व्यवहारात घातलेलं भांडवल म्हणजे तो एक मणी. पिशवीतली बाकीची माळ पितळेची. सोनाराने मणी तपासला, माळ तपासलीच नाही. स्वस्त सोन्याच्या फसवणुकीतली खरी चलाखी धातूत कमी आणि नमुन्यात जास्त असते, म्हणून तपासणीची सुरुवात नमुन्यापासून करा.

विकणाऱ्याने तोडून दिलेला मणी हा नमुना धरू नका. माळेत दोन-तीन मणी खरे ओवलेले असू शकतात, किंवा तोडताना मुठीतला मणी पुढे केला जातो. माळ सोनाराच्या दुकानात, त्याच्यासमोर उलगडायची, मधले आणि टोकाचे मणी तुम्ही दाखवायचे आणि ते आरपार कापायचे. कापायचं यासाठी, की कसोटीचा दगड फक्त वरचा थर दाखवतो. क्ष-किरणांवर चालणारं टंच मशीनही वरचे काही मायक्रॉनच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा दोघांनाही चकवतो. “दुकानात नको, पोलिसांचा त्रास होईल” असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच सोडा.

पाण्याची परीक्षा

पाण्यातल्या वजनाची परीक्षा संपूर्ण वस्तू तपासते, वस्तूला ओरखडाही न काढता, आणि घरी करता येते. त्यासाठी 0.01 ग्रॅम दाखवणारा दागिन्यांचा डिजिटल काटा हवा. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा चालत नाही. हे छोटे काटे बहुधा 200 ग्रॅमपर्यंतच तोलतात आणि काचेचा पेलाच त्यातलं बरंच वजन खातो, म्हणून प्लास्टिकची हलकी वाटी घ्या. आधी वस्तू कोरडी तोला. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. वस्तू बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधा, पूर्ण बुडेल अशी पाण्यात सोडा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल तो वस्तूने हटवलेल्या पाण्याचा, म्हणजेच तिच्या घनफळाचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते.

20 ग्रॅमची वस्तू घ्या. शुद्ध सोन्याची घनता 19.3, तेव्हा काटा 1.04 दाखवेल. 22 कॅरेटला घनता साधारण 17.7 आणि आकडा 1.13. शिशाची घनता 11.34, आकडा 1.76. तांब्याला 2.23, आणि पितळेला सुमारे 2.35, म्हणजे सोन्याच्या दुपटीहून जास्त. पितळ इथे लपूच शकत नाही.

चुका होतात त्या बारीक गोष्टींत. वस्तू तळाला टेकली की काटा तिचं स्वतःचं वजन दाखवायला लागतो आणि आकडा एकदम फुगतो. वस्तूला चिकटलेला 0.1 घन सेंटिमीटरचा बुडबुडा 20 ग्रॅम शुद्ध सोन्याला 22 कॅरेटच्या आकड्यावर आणून ठेवतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि दोऱ्याला हलकी टिचकी मारून बुडबुडे झटका. एक ग्रॅमचा सुटा मणी जेमतेम 0.05 हटवतो, त्यावरून कॅरेट काढणं व्यर्थ आहे. निदान 10 ग्रॅम एकत्र तोला. पोकळ, लाखेने भरलेले किंवा खडे बसवलेले दागिने खऱ्या सोन्याचे असूनही हलके निघतात, त्यांना ही परीक्षा लावू नका.

परीक्षेला चकवणारा एकच धातू व्यवहारात भेटतो: टंगस्टन, घनता 19.25. तो बिस्किटांत आणि जाड नाण्यांत दडवता येतो. मोठं बिस्कीट म्हणूनच कापल्याशिवाय किंवा वितळवल्याशिवाय घ्यायचं नाही. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं. टंगस्टनला 3422 लागतात, सोनाराच्या मुशीत तो तसाच घट्ट राहतो.

नव्या दागिन्यावर हॉलमार्क असेल तर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. नुसता क्रमांक सापडला म्हणून थांबू नका. ॲपमध्ये ‘अंगठी’ आहे आणि हातात साखळी आहे, तर क्रमांक दुसऱ्या दागिन्यावरून उचललेला आहे.

पाऱ्याचं सोनं आणि पॉलिश

पाऱ्याचं सोनं करून दाखवणाऱ्या बुवाचा खेळ असा: मुशीत पारा, वर जडीबुटीची पूड, खाली भट्टी, आणि शेवटी तळाशी सोन्याची गोळी. सोनं पाऱ्यात विरघळतं. ते आधीच विरघळवून आणलेलं असतं. पारा 357 अंशांना उकळून उडून जातो आणि सोनं मागे राहतं. दुसरे मार्ग म्हणजे मुशीचा खोटा तळ, पोखरलेला कोळसा, किंवा सोन्याचा चुरा भरून मेणाने बंद केलेली ढवळायची काडी. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एतिएन झोफ्र्वा या रसायनशास्त्रज्ञाने 1722 मध्ये अशाच युक्त्या उघड केल्या होत्या. पाऱ्याच्या अणुकेंद्रात 80 प्रोटॉन, सोन्याच्या 79. भट्टीच्या आचेने त्यांत बदल होत नाही. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेच्या चार मोठ्या प्रयोगांत मिळून 2015 ते 2018 दरम्यान शिशापासून सोनं झालं ते अवघं 29 पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. मात्र बुवाची लबाडी पकडायच्या नादात घरात पारा तापवू देऊ नका. त्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, आणि ती विषारी आहे.

दारावर येणारा पॉलिशवालाही सोनं विरघळवतो, पण तुमचं. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळतं. बांगड्या चकाकतात आणि झिजतात, झिजलेलं सोनं त्याच्या द्रावणात जातं. “हळदीच्या पाण्यात ठेवा, दहा मिनिटांनी उघडा” म्हणतो तोवर तो गल्लीबाहेर गेलेला असतो. दागिना धुवायला कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरतो.

पैसे गेले असतील तर

“वाच्यता केलीत तर सोन्याचा कोळसा होईल” ही धमकी मुद्दाम घातलेली असते, तुम्ही तक्रारीला जाऊ नये म्हणून. दुसरी भीती कायद्याची. जमिनीत दडलेला 10 रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि हीच तरतूद दाखवून टोळी गिऱ्हाइकाला गप्प करते. पण पितळ सोनं म्हणून विकणं ही फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुप्तधनासाठी अघोरी विधी झाले असतील तर महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

“शेवटची पूजा राहिली” म्हणून आणखी पैसे मागतील, देऊ नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. व्यवहाराचे क्रमांक, कॉलची नोंद, संदेश आणि मिळालेला सगळा धातू, खऱ्या मण्यासह, जसाच्या तसा ठेवा. पोलीस ठाण्यात अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.