फ्रीलान्स डिझायनर आहात? क्लायंटशी वाद झाला की या चुका टाळा

‘मजा नाही आली’ एवढाच मेसेज येतो आणि नवखा डिझायनर रात्र जागवून तीन नवे पर्याय करतो. पहिली चूक हीच. कशाची मजा आली नाही, हे विचारलेलंच नसतं. रंग खटकला, अक्षरं वाचता येत नाहीत, की बाजारातल्या दुसऱ्याच पाकिटासारखं दिसतंय? आणि हे मत नक्की कोणाचं? मसाल्याच्या पाकिटाचं काम काका देतात, पसंती त्यांचा मुलगा कळवतो आणि छपाईच्या आदल्या दिवशी जावईबापूंना हिरवा रंग सुचतो. म्हणून काम घेतानाच विचारा, ‘काका, शेवटचा शब्द कोणाचा?’ कोणी रागावत नाही.

रंगावरची भांडणं सगळ्यात चिवट. मोबाइलवर झळाळणारा केशरी छापून आला की मळकट दिसतो. क्लायंट म्हणतो, ‘हा आपण ठरवलेला रंग नाही.’ त्याचं बरोबरच असतं. स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, ऑफसेट छपाईला चार शायांवर भागवावं लागतं; स्क्रीनवरचे कितीतरी भडक केशरी, निळे, हिरवे त्या चौघींत बसतच नाहीत. प्रेसवाल्यावर ढकलून मोकळं होऊ नका. क्लायंटला दाखवण्याआधीच फाइल सीएमवायकेत, म्हणजे याच चार शायांच्या रंगपद्धतीत न्या, प्रेसकडून प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना काढून घ्या आणि त्यावर क्लायंटची सही घ्या. नेमकी तीच छटा हवी असेल तर पँटोनची, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या छटेची वेगळी शाई लागेल, तिचा खर्चही वेगळा, हे आधीच बोला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेलेल्या जेपेगवर तर मंजुरी घेऊच नका. तिथे चित्र दाबलं जातं, बारीक अक्षरं फुटतात. पीडीएफ पाठवा, डॉक्युमेंट म्हणून.

फोनवर ठरलेलं फोनवरच सोडू नका. लगेच दोन ओळी टाका: ‘ठरल्याप्रमाणे लोगो डावीकडे घेतला, लाल पट्टी काढली. यापुढच्या बदलांचे पैसे वेगळे.’ समोरून ‘ओके’ आलं की झालं.

पैशांच्या वेळी मात्र जुनी नाराजी अचानक उगवते: ‘तसं आम्हाला ते आवडलंच नव्हतं.’ इथे गप्प बसणं ही चूक. काम घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केलेली असेल तर 2006 चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा कामी येतो. काम दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत. लांबले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. म्हणून फाइल ईमेलनं द्या, तारीख राहते. पहिल्याच दिवशी कायदा काढून दाखवू नका, तेवढी माणुसकी ठेवा.

ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, द्यायची की नाही हे कोटेशनमध्येच लिहा. ‘पैसे दिले म्हणजे सगळं आमचं’ हा समज सर्रास आहे; पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायला सहीचा कागद लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात.