घरामागचं मासळीचं तळं: आधी जाळी, मग मासे

सांडव्याला जाळी. घरामागं तळं खणायचं मनात आलं की कागदावर पहिली ओळ हीच लिहा, जेसीबीवाल्याला फोन करण्याच्याही आधी. गेल्या खेपेला यादीत बाकी सगळं होतं, नेमकं हेच राहिलं. आषाढातल्या एका रात्रीच्या पावसात तळं भरून वाहिलं आणि नुकतीच सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, ओढ्याला गेली. म्हणून जाळीचा विषय पुढं पुन्हा पुन्हा येणार.

जागा घरातून दिसेल अशी, दिवसभर ऊन लागणारी. मोठ्या झाडाखाली नको, पाला पडून कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. वरच्या अंगाला फवारणीचं रान असेल तर तिथून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवा. कीटकनाशकाचं थोडं पाणीही मासे मारायला पुरतं.

घरच्या पानापुरतं आणि रविवारी गळ टाकण्यापुरतं तळं हवं असेल तर २० बाय २० मीटर, म्हणजे साधारण चार गुंठे, भरपूर झालं. पाणी पाच-सहा फूट उभं राहिलं पाहिजे. त्याहून उथळ तळं एप्रिल-मेमध्ये तापतं. काळ्या चिकण मातीत पाणी धरतं. मुरमाड जमीन धरत नाही, तिथं ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरावाच लागतो, आणि त्याआधी अणकुचीदार दगड, मुळं हातानं वेचून काढावी लागतात. मशीनवाला ‘झालं’ म्हणाला तरी स्वतः अनवाणी फिरून बघा, जे पायाला टोचतं ते कागदालाही टोचतं. कागदावर तळाला अर्धा फूट माती पसरा. मृगळ मासा तळाशी चरतो, नुसत्या प्लॅस्टिकवर त्याला काही मिळत नाही.

कागदाच्या तळ्याचा उतार ओला झाला की पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण. चारी बाजूंना काठावर पक्के बांधून पाण्यात सोडलेले, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर, हवा भरलेली एक ट्यूब, भोवती कुंपण, फाटकाला वर कडी. हे सगळं पाणी भरायच्या आधी. ‘नंतर करू’ हे इथं चालणार नाही.

आता जाळी. तळ्याला पाणी जिथून येतं आणि जिथून जातं त्या दोन्ही तोंडांना ती लागते. लोक फक्त बाहेरच्या तोंडाचा विचार करतात, तोही केला तर. पण नवं पाणी आलं की मासा धारेवर उलटा चढतो. येणाऱ्या चरातून तो वर गेला आणि पाणी ओसरलं की तिथंच तडफडून मरतो. शिवाय त्याच चरातून ओढ्याची मरळ आत येते, आणि एक मरळ आत शिरली की तुमची बोटुकली तिचा खुराक. मोटरीनं पाणी भरत असाल तरी सुटका नाही. पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाची दुहेरी पिशवी बांधा, नाहीतर रानमाशांची अंडी आणि पिल्लं पाण्याबरोबर आत येतात.

सांडव्याच्या पाइपाच्या तोंडावर नुसता जाळीचा तुकडा तारेनं बांधू नका. पहिल्याच पावसात त्यावर पाला बसतो, पाणी तुंबतं आणि बांधावरून वाहायला लागतं. मग मासे तर जातातच, बांधही जातो. पाइपाच्या पुढं पेटी करा: लोखंडी अँगलची तीन बाजूंची चौकट, पाइपाच्या तोंडाच्या निदान आठ-दहापट जाळी बसेल एवढी. बाहेरच्या अंगाला, म्हणजे तळ्याच्या पाण्याकडं, इंचभर भोकाची जाड जाळी, ती काड्या-पाला अडवते. आत चार-पाच मिलिमीटरची बारीक, ती बोटुकली अडवते. बारीक जाळी नायलॉनची नको, खेकडे ती कातरतात. साधी लोखंडी एका पावसाळ्यात गंजून बोटानं तुटते. पैसे थोडे जास्त गेले तरी स्टेनलेस स्टीलची घ्या. दोन्ही जाळ्या खाचेत वर-खाली सरकतील अशा बसवा, म्हणजे एक उचलून धुताना दुसरी जागेवर असते. बांध ओल्या मातीनं नुकता दाबलेला असतानाच पेटी बसवून घ्या. नंतर बांध फोडून बसवली तर त्याच फटीतून पाणी झिरपतं.

पाणी भरण्याआधी तळाला चुना, चार गुंठ्यांना आठ-दहा किलो. आठवड्यानं दीड-दोनशे किलो कुजलेलं शेण, मग पाणी. आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवट झालं पाहिजे, तो हिरवटपणा म्हणजेच माशांचं अन्न. हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा पुसट होत दिसेनासा झाला की पाणी तयार. तळवा स्वच्छ दिसला तर अजून थांबा. मनगटही दिसेनासं झालं तर शेण जास्त झालंय, आता घालू नका आणि जमलं तर ताजं पाणी सोडा. जुनं तळं असेल आणि त्यात मरळ, मांगूर असतील तर मोहाची पेंड टाकून ते काढावे लागतात, आणि तिचं विष उतरायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस हिशेबात धरा.

बीज कुठलं? कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिन्ही हवेत. कटला चार भाग, बाकीचे तीन-तीन. पाणवनस्पती वाढत असतील तर थोडे गवत्ये (ग्रास कार्प). हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली असा ढोबळ हिशेब आहे. चार गुंठ्यांना दोनशे ते चारशे, आणि एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर दोनशेवर थांबा. जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, स्वस्त मिळतात म्हणून आणू नका, त्यांना वेगळं संगोपन तळं लागतं. दोन इंचांच्या वरची बोटुकलीच घ्या. चिलापी नको, ती तळ्यातच वीण करते आणि सगळं तळं बोटभर माशांनी भरून जातं. थाई मांगूर कुणी देऊ केला तर घेऊ नका, २००० सालापासून त्यावर देशात बंदी आहे.

रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बीज दर वेळी विकत आणावं लागतं. पूर्वी ते नद्यांतून धरावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली, त्यामुळं आज पिशवीत बीज मिळतं. १० जुलै राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्यासाठी. आपलीही बीज सोडायची वेळ साधारण तीच.

पिशव्या आणल्या की फोडून ओतू नका. बंद पिशव्या पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी ओंजळ-ओंजळ आत घाला, शेवटी पिशवी आडवी करा आणि पिल्लं आपणहून बाहेर पडू द्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, भर उन्हात कधीच नाही. आणि पिशवीचं तोंड सोडण्याआधी काठावरून एक फेरी मारा: पेटीतल्या दोन्ही जाळ्या खाली बसल्यात का, येणाऱ्या चराची जाळी आहे का. नसेल तर पिशव्या सावलीत ठेवा, आधी जाळी बसवा.

खाद्य: भुईमूग पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, भोकं पाडलेल्या पिशवीत भरून बांबूला टांगा. दुसऱ्या दिवशी पिशवीत उरलं तर कमी करा. ढगाळ दिवशी खाद्य बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी पडलाय, लगेच मोटर लावून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा.

पावसात रोज दोनदा जाळी झाडा. रात्री जोराचा पाऊस लागला तर बॅटरी घेऊन जा, सकाळची वाट बघू नका. मासे मोठे झाले की बारीक जाळी काढून अर्ध्या इंचाची बसवा, ती कमी तुंबते.

पाणकावळे आणि बगळ्यांसाठी वरून दोऱ्या. दिवड दिसला तर राहू द्या, तो बिनविषारी आहे.

गळ साधारण दहा महिन्यांनी, अर्ध्या किलोच्या खालचा मासा परत पाण्यात. कणकेच्या गोळ्यावर रोहू-मृगळ येतात, गळाचा उलटा काटा घासून काढा म्हणजे लहान मासा सोडताना फाटत नाही. जेवढे काढाल ते वहीत लिहा, पुढच्या जुलैत तेवढीच बोटुकली आणा.