इम्प्लांटनंतरचे दुखणे : पहिली रात्र सुसह्य कशी करावी

नेहमीच्या औषधांची यादी दंतवैद्यांना देणे, मधुमेह आटोक्यात आणणे, घरी मऊ जेवणाची सोय करून ठेवणे, ही तयारी वाचकाने केलेली आहे असे येथे गृहीत धरले आहे. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची खुंटी. ती बसवण्याच्या शस्त्रक्रियेविषयी एवढेच सांगणे पुरे की भूल नीट चढली असेल तर दाब आणि थरथर जाणवते, कळ जाणवत नाही. कळ आलीच तर हात वर करावा, म्हणजे भूल वाढवता येते. निमूटपणे सोसण्यात काहीही शौर्य नाही. नंतर दिलेला कापसाचा बोळा सांगितला तेवढा वेळ दाबून धरावा आणि सारखे थुंकू नये.

खरा प्रश्न पुढच्या काही तासांचा आहे. दंतवैद्य म्हणून सुरुवातीच्या काळात मला शस्त्रक्रियेपेक्षा याच टप्प्याने अधिक छळले, कारण जबड्यात इम्प्लांट उत्तम बसलेला असूनही रात्री उशिरा रुग्णाचा फोन येई आणि कळ थांबत नाही अशी तक्रार असे. प्रत्येक वेळी चौकशी केली की उत्तर एकच मिळे : ‘दुखायला लागल्यावर गोळी घ्यायची असं ठरवलं होतं.’ हा सल्ला कुणीतरी नातेवाईक हमखास देतो, आणि तो चुकीचा आहे.

कारण समजून घ्यावे. हिरडीला छेद गेला आणि हाडात भोक पडले की तेथे सूज व वेदना वाढवणारी रसायने तयार होऊ लागतात. आयबुप्रोफेनसारखी औषधे त्यांची निर्मिती रोखतात. आधीच तयार झालेली रसायने ती पुसून टाकत नाहीत. कळ शिगेला पोहोचल्यावर गोळी घेणे हे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यासारखे आहे. खालच्या जबड्याची बधिरता साधारण ३ ते ५ तास टिकते, वरच्या जबड्याची बहुधा त्याहून लवकर उतरते, आणि गोळीला परिणाम दाखवायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून पहिली गोळी ओठ जड असतानाच, घरी पोहोचल्याबरोबर घ्यावी.

येथे एक अडचण येते. अशी गोळी उपाशीपोटी घेऊ नये, पण बधिर तोंडाने जेवायला बसले तर गाल, ओठ किंवा जीभ चावली जाते आणि ते कळतही नाही. त्यावर उपाय म्हणजे चावावे लागणार नाही असे काहीतरी पोटात घालणे : गार दूध, पातळ दही, निवलेली पेज. ते वाटीला तोंड लावून किंवा चमच्याने घ्यावे. स्ट्रॉ मात्र वापरू नये, कारण ओढण्याच्या जोराने जखमेवरची रक्ताची गुठळी निघू शकते.

पुढचे दोन दिवस, दुखो वा न दुखो, चिठ्ठीत लिहिलेल्या वेळा घड्याळ पाहून पाळाव्यात आणि रात्रीची मात्रा झोपण्याआधी घ्यावी. ‘गोळ्यांची सवय लागते’ ही भीती दोन-तीन दिवसांच्या अशा औषधांना लागू पडत नाही. मात्र मूत्रपिंडाचा विकार, पोटातील अल्सर, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वेदनेसाठी स्वतःहून ॲस्पिरिन तर घेऊच नये, रक्तस्राव वाढतो. हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंदही करू नये.

एक गोंधळ मला वारंवार दिसतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, हे ठाऊक नसल्याने रुग्ण तिच्यावर डोलो ६५० (तीही पॅरासिटामॉलच) घेतात आणि एकूण किती झाले याचा हिशेब राहत नाही. निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम मानली जाते. मी रुग्णांना ३ ग्रॅमवरच थांबायला सांगतो, आणि यकृताचा त्रास किंवा रोजचे मद्यपान असेल तर त्याहून कमी. अँटिबायोटिक हे वेदनाशामक नव्हे, त्यामुळे दुखते म्हणून त्याची जादा गोळी घेण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फाचा शेक फडक्यातून द्यावा, २० मिनिटे ठेवून तेवढाच वेळ थांबावे. उशा दोन घ्याव्यात. कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा २४ तासांनंतर सुरू कराव्यात. जेवणात मऊ भात आणि मुगाची खिचडी. तीळ, शेंगदाणे, चिवडा, भाकरी टाळावी.

लवंगतेल उघड्या जखमेवर लावू नये, ते ऊतींना जाळते. हळदीची पूड टाक्यांत कोंबू नये. मशेरीविषयी तर वेगळे बजावावे लागते, कारण ‘मी तंबाखू खात नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या बायका सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असतात आणि तिची गणना तंबाखूत करत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखू आणि सिगारेट जखम भरणे लांबवतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचा धोका अधिक असतो.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते. तेवढ्याने घाबरू नये. वेदना मात्र दररोज उतरत गेली पाहिजे. कमी झालेली वेदना तीन-चार दिवसांनी पुन्हा चढली, पू किंवा ताप आला, तर दंतवैद्यांना दाखवावे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट रुग्णालय गाठावे. खालचा ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशी सकाळीही बधिर असेल तर दुखत नसले तरी त्याच दिवशी फोन करावा. जबड्यातल्या नसेवर दाब आला असेल तर इम्प्लांट लवकर सैल करणे किंवा काढणे उपयोगी ठरते, आणि उशीर केल्यास ती संधी जाते.

हाड इम्प्लांटला धरायला साधारणपणे ३ ते ६ महिने घेते आणि त्या काळात दुखत नाही. वर कॅप, म्हणजे दिसणारा कृत्रिम दात, बसवतानाचा दाब काही मिनिटांचा असतो. टायटॅनियमला स्वतःची नस नसते, म्हणून कॅप बसल्यानंतर चावताना दुखू लागले तर गोळी घेऊन वाट पाहू नये. कॅप धरून ठेवणारा आतला स्क्रू सैल झाला आहे की हाडानेच धरलेले नाही, हे एक्स-रे काढून पाहून घ्यावे.